ओल राखावी, ओल रोखावी

मे महिना सरत आला आणि रोहिणी नक्षत्राचे वारे सुटले, की नगरच्या पठारावरील गावांत एकेकाळी एक काम ठरलेले असे. घरातील कर्ता पुरुष माळवदावर चढून धाब्याची पाहणी करी. उन्हाने जेथे भेगा पडल्या असतील तेथे पांढऱ्या मातीचा नवा थर पडे, पन्हळी मोकळ्या होत, उंदीर-घुशींची बिळे बुजवली जात. कडब्याच्या गंजी शाकारल्या जात, कणग्यांवरून शेणामातीचा हात फिरे. ज्यांच्याकडे धान्याचे पेव असे, ते त्याच्या तोंडावरची माती पुन्हा एकदा दाबून घट्ट करीत. मृगाचा पहिला थेंब पडण्यापूर्वी हे सारे आटोपलेच पाहिजे, असा दंडक होता. यासाठी कोणताही शासकीय आदेश निघत नसे आणि अनुदानाची वाट पाहिली जात नसे. पाऊस हवा, पण तो शेतात; घरात, धान्यात आणि भिंतीत नको, एवढे साधे ज्ञान त्यामागे होते.

आता पेव बुजले आणि योजनांचे मात्र पेव फुटले. गावोगावी सिमेंटचे बंधारे, पाझर तलाव, नळयोजनांच्या टाक्या, पंपगृहे, रोहित्रे, सौरपंप, कांदाचाळी, शाळांतील संगणक अशी लक्षावधी रुपयांची सार्वजनिक व खाजगी मालमत्ता उभी राहिली आहे. धाब्याच्या घराची काळजी घेणाऱ्या समाजाने या नव्या मालमत्तेची काळजी मात्र 'सरकारी' म्हणून सोडून दिली. परिणाम सर्वांसमोर आहे. उद्घाटनाची कोनशिला शाबूत असते आणि तिच्यामागचा बंधारा गळत असतो. महाराष्ट्राच्या ग्रामविकासाचा खरा प्रश्न आज उभारणीचा राहिलेला नाही. उभारलेले टिकवण्याचा आहे. आणि टिकवण्याच्या लढाईतील मोठा शत्रू ओलावा हाच आहे.

या प्रश्नाचा विचार करताना अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाकडे पाहणे उद्बोधक ठरेल. जेथे वर्षाकाठी सरासरी चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्या अवर्षणप्रवण गावाचा आणि ओलाव्यापासून संरक्षणाचा काय संबंध, असे प्रथमदर्शनी वाटेल. परंतु ज्या गावाने थेंबाथेंबाचा हिशेब ठेवला, त्याच गावाला पाणी कोठे असावे आणि कोठे नसावे हे सर्वांत चांगले उमगले आहे.

हिवरे बाजारचा हिशेब

नगर शहरापासून अवघ्या काही कोसांवर असलेले हे गाव १९७२ च्या दुष्काळानंतर जवळजवळ उद्ध्वस्त झाले होते. डोंगर उघडे पडले, विहिरी कोरड्या झाल्या, तरुण मजुरीसाठी बाहेर पडले, आणि जे मागे राहिले त्यांच्यात दारू व भांडणे यांनी घर केले. १९८९ मध्ये ग्रामस्थांनी पोपटराव पवार या उच्चशिक्षित तरुणाकडे सरपंचपद सोपवले आणि तेथून गावाची वाट बदलली. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचे उदाहरण डोळ्यांसमोर होते. नसबंदी, नशाबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही पंचसूत्री गावाने स्वीकारली. पुढे राज्य शासनाच्या आदर्श गाव योजनेत गावाची निवड झाली. डोंगरउतारावर सलग समपातळी चर खोदले गेले, पन्नासहून अधिक मातीचे आणि तीसहून अधिक दगडी बांध उभे राहिले, पाझर तलाव झाले.

१९९५ च्या पाहणीत गावातील १८२ पैकी १६८ कुटुंबे दारिद्र्यरेषेखाली होती. पुढील दीड-दोन दशकांत ही संख्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. दिवसाला दीडशे लिटरच्या आसपास असलेले दूधसंकलन काही हजार लिटरवर गेले. शहरात गेलेली कुटुंबे परत आली. २००७ मध्ये लोकसहभागातून जलसंधारणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार गावाला मिळाला आणि २०२० मध्ये पोपटराव पवार यांना पद्मश्री जाहीर झाली.

ही कथा महाराष्ट्राला ठाऊक आहे. तिच्याविषयी लिहिताना बहुधा 'किती बांधले' याचीच मोजदाद होते. चर, बांध आणि पाझर तलाव महाराष्ट्रातील हजारो गावांत झाले. त्यांतील बहुतेकांचे हिवरे बाजार झाले नाही. हा फरक कोठून आला, याचे उत्तर पंचसूत्रीतच दडलेले आहे. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी यांकडे आपण वृक्षसंवर्धनाचे नियम म्हणून पाहतो. वस्तुतः ते देखभालीचेही नियम आहेत. मोकाट जनावरांच्या खुरांनी समपातळी चरांची काठे ढासळतात, उघड्या उतारावरून वाहून आलेली माती चर भरून टाकते आणि पाच-सहा पावसाळ्यांत चराची केवळ खूण उरते. उतारावर गवत टिकले, तर माती जागेवर राहते, चर उघडा राहतो आणि खालच्या पाझर तलावात गाळाऐवजी पाणी जाते. हिवरे बाजारने बांधकामाला कुंपण घातले ते तारांचे नव्हे, नियमांचे. म्हणून तीस वर्षांनंतरही ती कामे काम करीत आहेत.

दुसरी गोष्ट पाण्याच्या ताळेबंदाची. पावसाळा संपला की गावात किती पाणी पडले, विहिरींची पातळी कोठवर आली, याचा हिशेब ग्रामसभेपुढे मांडला जातो. आधी माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी, नंतर शेती आणि उरलेल्यातीलही काही भाग पुढील वर्षासाठी भूगर्भात राखून ठेवायचा, असा क्रम ठरतो. ऊस व केळी यांसारखी पाणी पिणारी पिके वर्ज्य, शेतीसाठी कूपनलिका वर्ज्य. पाऊस कमी पडला, तर रब्बीचे क्षेत्र कमी. हा ताळेबंद ज्या उपकरणावर उभा आहे, ते उपकरण म्हणजे साधा पर्जन्यमापक.

या साध्या उपकरणाचे महत्त्व आकड्यांत पाहावे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडणे म्हणजे दहा हजार लिटर पाणी. हिवरे बाजारचे भौगोलिक क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर आहे. म्हणजे गावावर पडलेला प्रत्येक मिलिमीटर सुमारे ९७ लाख ६० हजार लिटरचा. पर्जन्यमापकाच्या नरसाळ्यात पाला अडकला, मुंग्यांनी घर केले किंवा तोटी गंजून गळू लागली आणि वर्षभरात केवळ पाच मिलिमीटरची चूक झाली, तर ताळेबंदात जवळजवळ पावणेपाच ते पाच कोटी लिटरची चूक शिरते. काही रुपयांच्या साफसफाईकडे दुर्लक्ष झाल्यास एवढ्या पाण्याचे नियोजन चुकते. उपकरण पावसातच उभे राहायचे, पावसासाठीच असायचे, आणि तरीही पावसाने ते बिघडू द्यायचे नाही, हे साधायचे असेल तर रोज सकाळी कोणीतरी त्याच्यापाशी जायला हवे. यंत्र विकत घेता येते. रोज तेथे जाण्याची सवय विकत मिळत नाही.

पाणी अडवणारे पाण्यानेच मोडते

मातीचा बांध बहुधा एका रात्रीत फुटल्यासारखा दिसतो. प्रत्यक्षात तो वर्षानुवर्षे फुटत असतो. खेकडे आणि उंदीर-घुशी बांधात बिळे करतात, बाभळीची मुळे आत शिरतात, उन्हाळ्यात काळी माती भेगाळते. पहिल्या मोठ्या पावसात पाणी या वाटांनी आत घुसते, बारीक कण बाहेर वाहून नेते आणि आतल्या आत नळी तयार होते. सांडव्याच्या तोंडाशी झुडपे व गाळ साचला असेल, तर पाणी सांडव्यातून न जाता बांधावरून वाहते आणि मग बांध वाचत नाही. दगडी अस्तराचे चार धोंडे निखळले की लाटा तेथूनच माती खाऊ लागतात. या प्रत्येक दोषावर उपाय आहे आणि तो उन्हाळ्यातील दोन दिवसांच्या श्रमदानाइतका स्वस्त आहे. बिळे बुजवावीत, झुडपे काढावीत, सांडवा मोकळा करावा, धोंडे पुन्हा बसवावेत, एवढेच ते काम.

गाळाचे गणितही असेच डोळे उघडणारे आहे. एक हेक्टर पसरलेल्या तलावाच्या तळाशी केवळ एक सेंटिमीटर गाळ साचला, तर एक लाख लिटरची साठवण कायमची जाते. राज्य शासनाने २०१७ मध्ये 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना आणली आणि २०२३ मध्ये तिला पुन्हा चालना दिली. तलावातील गाळ हे ओझे आणि तोच गाळ शेतात गेला तर सोने, ही त्यामागची दृष्टी योग्यच आहे. मात्र गाळ काढणे हा उपचार झाला. गाळ येऊ न देणे हे आरोग्य. वरच्या उतारावर चराईबंदी नसेल, तर काढलेल्या गाळाची जागा काही पावसाळ्यांत पुन्हा भरते.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांची अवस्था तर याहून बोलकी आहे. पावसाळा ओसरला की ऑक्टोबरमध्ये त्यांत बर्गे घालायचे आणि जूनपूर्वी काढायचे, एवढ्या एका क्रियेवर त्यांची सारी उपयुक्तता अवलंबून असते. वेळेवर घातले नाहीत, तर नदीचे शेवटचे पाणी वाहून जाते. वेळेवर काढले नाहीत, तर पुराचे पाणी अडून काठ फोडते. काढलेले बर्गे नदीकाठी उघड्यावर रचून ठेवले की पावसाने गंजतात, कडेची रबरी पट्टी उन्हाने ताठरते आणि पुढच्या वर्षी दोन बर्ग्यांच्या फटींतून पाणी निसटत राहते. काही बर्गे भंगारात जातात. अनेक ठिकाणी बंधारा उभा असूनही पाणी थांबत नाही, त्याचे कारण अभियांत्रिकीत शोधण्याची गरज नाही. बर्गे ठेवण्यासाठी पत्र्याची एक शेड, वर्षातून एकदा गंजरोधक रंग आणि मोजणीची एक वही नाही, हे कारण पुरेसे आहे.

जलयुक्त शिवार अभियानावर २०१४ ते २०१९ या काळात साडेनऊ हजार कोटींहून अधिक रुपये खर्च झाले. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा त्यावरील अहवाल २०२० मध्ये विधिमंडळात मांडला गेला आणि त्यावरून राजकीय धुरळा उडाला. आरोप-प्रत्यारोप बाजूला ठेवले, तरी त्या अहवालातील देखभालीच्या उणिवेचा मुद्दा सर्वच पक्षांनी गंभीरपणे घ्यावा असा आहे. कोणत्याही सरकारची योजना असो, काम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर सही होताच ते अनाथ होते. कंत्राटदार निघून जातो, अधिकाऱ्याची बदली होते, ग्रामपंचायत म्हणते आमच्याकडे निधी नाही आणि ग्रामस्थ म्हणतात काम आमचे नाही.

चाळीतील ओल आणि बाजारातील हतबलता

ओलाव्याचा सर्वांत थेट घाव शेतकऱ्याच्या खिशावर बसतो तो कांद्याच्या साठवणुकीत. नगर व नाशिक हे जिल्हे देशाच्या कांदा-उत्पादनाचा कणा आहेत. हिवरे बाजारच्या शिवारातही कांद्याचे पीक घेतले जाते. रब्बीचा कांदा मार्च-एप्रिलमध्ये निघतो. त्या वेळी साऱ्यांचाच माल एकदम बाजारात येत असल्याने भाव पडतात. ज्याला दिवाळीपर्यंत थांबता येते, त्याला बरा भाव मिळण्याची आशा असते. या थांबण्यालाच साठवणूक म्हणतात आणि तिच्या मधोमध चार महिन्यांचा पावसाळा उभा असतो. जमिनीवर ढीग घालून वरून पाचट टाकलेल्या जुन्या पद्धतीत चाळीस टक्क्यांपर्यंत कांदा सडणे, मोड येणे व वजन घटणे यांत वाया जाऊ शकतो.

राजगुरुनगर येथील कांदा व लसूण संशोधन केंद्राने यावर सुटसुटीत शास्त्र सिद्ध केले आहे. काढणीनंतर कांदा पातीसह तीन-चार दिवस शेतात सुकवावा. मान थोडी राखून पात कापावी आणि मग सावलीत दहा-बारा दिवस ठेवावा, म्हणजे वरचे पापुद्रे वाळून मान मिटते. उघडी मान ही रोगजंतूंची वेस आहे. चाळीचा तळ जमिनीपासून दीड ते दोन फूट उंच आणि फटींचा असावा, जेणेकरून हवा खालून वर खेळेल. कांद्याच्या थराची रुंदी चार फुटांच्या आसपास आणि उंची चार ते पाच फुटांपेक्षा जास्त नसावी. एकपाखी चाळ दक्षिणोत्तर आणि दोनपाखी चाळ पूर्व-पश्चिम बांधावी. आतील आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या दरम्यान राहिली, तर कांदा टिकतो. त्याहून वाढली तर काजळी व सड, आणि फार घटली तर वजनात तूट.

यातील एकही गोष्ट महागडी नाही. सगळी शिस्तीची आहे. चाळीसाठी अनुदान मिळते, पण अनुदान चाळीच्या सांगाड्याला मिळते, शिस्तीला मिळत नाही. जागा वाचवण्यासाठी थर सहा-सात फुटांवर नेला, बाजूच्या फटी ताडपत्रीने कायमच्या झाकल्या किंवा अवकाळी पावसात भिजलेला कांदा घाईने आत टाकला, तर उत्तम चाळही सडण्याचे कोठार ठरते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचा 'कृषक' हा विकिरण प्रकल्प २००२ मध्ये सुरू झाला. विकिरणाने मोड येणे थांबते, हे खरे. परंतु ओल्या मानेतून शिरलेली सड कोणताही किरण परतवू शकत नाही. विज्ञानाची अत्याधुनिक देणगीदेखील सावलीत वाळवण्याच्या जुन्या कामाला पर्याय ठरत नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर बंदी आली आणि ती मे २०२४ मध्ये उठली. निर्यातीच्या धोरणावर शेतकऱ्याचा रोष होता आणि तो समजण्यासारखा होता. धोरणात स्थैर्य हवे, ही मागणी रास्तच आहे. पण धोरण चांगले असले तरी ज्याचा माल श्रावणातच सडला, त्याला त्या धोरणाचा काय उपयोग? चाळीत हवा खेळती ठेवणारा शेतकरी बाजारात ताठ मानेने उभा राहतो, कारण त्याला 'आज नाही, पुढच्या आठवड्यात' असे म्हणता येते. साठवणुकीचे सामर्थ्य हे शेवटी स्वातंत्र्याचे सामर्थ्य आहे.

चाऱ्याचेही तसेच आहे. दुधावर उभ्या राहिलेल्या गावांत चारा म्हणजे भांडवल. वाळलेले गवत व कडबा ओल लागताच बुरशी धरतो आणि त्या बुरशीचे विष जनावराच्या पोटातून दुधात उतरू शकते. याउलट मुरघासाला ओल हवीच असते. त्याला नको असते ती हवा. एकाच गोठ्यामागे एका चाऱ्याची ओल घालवावी लागते आणि दुसऱ्याची जपावी लागते. 'ओल राखावी आणि ओल रोखावी' हा विवेक असा घराघरांत रुजलेला हवा.

गारा, वीज आणि नवे पटल

महाराष्ट्रात हिमवर्षाव होत नाही, म्हणून बर्फाचे संकट आपल्याला परके वाटते. फेब्रुवारी-मार्च २०१४ च्या गारपिटीने हा समज मोडला. दोन आठवड्यांहून अधिक काळ राज्याच्या विविध भागांत आभाळातून बर्फाचे गोळे कोसळत राहिले; गहू, हरभरा, कांदा, द्राक्ष, डाळिंब भुईसपाट झाले, जनावरे व पक्षी मेले. त्यानंतरही अवकाळी पाऊस व गारपीट हे उन्हाळ्याच्या तोंडचे नेहमीचे पाहुणे झाले आहेत.

आता शिवारात पिकांखेरीज आणखी एक गोष्ट उघड्यावर उभी आहे, ती म्हणजे सौरपंपांची काच. सौर पटलांची आंतरराष्ट्रीय चाचणी पंचवीस मिलिमीटर व्यासाच्या बर्फगोळ्याचा ताशी सुमारे ८३ किलोमीटर वेगाचा आघात गृहीत धरते. मानांकित पटल बोराएवढ्या गारेला दाद देत नाही. लिंबापेक्षा मोठ्या गारेपुढे मात्र त्याची हमी नाही. म्हणून मानांकन पाहून घेणे, पटल योग्य कलात घट्ट बसवणे आणि विम्याची कागदपत्रे जपून ठेवणे आवश्यक ठरते. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत पाच वर्षांची दुरुस्तीची हमी व विमा अंतर्भूत आहे. पण पंप कोठे, केव्हा बसला आणि तक्रार कोठे करावयाची, ही माहिती कपाटाच्या तळाशी ओल लागून चिकटलेल्या कागदांत असेल, तर तो विमा कोणाच्या कामाचा?

रोहित्राचे उदाहरण घेता येईल. त्याच्या आतील तेल हे विजेपासून संरक्षण करणारे आवरण असते आणि त्या तेलात ओलावा शिरला की त्याची रोधकशक्ती घटते. म्हणून ज्या रोहित्रांना श्वसननलिका असते, त्यांत आर्द्रता शोषणारे निळे खडे भरलेले असतात. ओल शोषली की ते गुलाबी होतात. खडे गुलाबी झाले म्हणजे ते बदलण्याची वेळ आली, हे कोणीही शाळकरी मुलगा लांबून पाहून सांगू शकेल. रोहित्राला हात लावणे हे ग्रामस्थांचे काम नाही आणि ते कोणी करूही नये. पण पाहणे, नोंदवणे आणि वेळेवर कळवणे हे तर त्यांचेच काम आहे. ऐन रब्बीत रोहित्र जळाले, तर आठ-दहा दिवस पिके सुकतात आणि मग साऱ्या गावाला धावपळ करावी लागते. पंपाच्या स्टार्टरची पेटी उघडी राहिल्याने, तिच्यावर पत्र्याचे छोटे छत नसल्याने जळालेल्या मोटारींचा हिशेब कोणी मांडला, तर तो एखाद्या योजनेच्या तरतुदीएवढा भरावा.

हिमालयाची साक्ष

बर्फ आणि पाणी यांच्याशी सामना करण्याचा दुसरा टोकाचा अनुभव हिमालयात आहे. रोहतांगच्या खालून जाणारा नऊ किलोमीटरचा अटल बोगदा ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला आणि हिवाळ्यात बर्फामुळे महिनोन्महिने तुटणारा लाहौलचा संपर्क टिकू लागला. सीमा रस्ते संघटनेचे जवान दरवर्षी खिंडींतील बर्फ हटवतात तेव्हा कुठे सीमेवरील सैनिकापर्यंत रसद पोचते. तेथे एका दिवसाच्या निष्काळजीपणाची किंमत प्राणांनी मोजावी लागते, म्हणून तेथे देखभालीला कोणी दुय्यम काम म्हणत नाही.

त्याच हिमालयात लडाखमध्ये वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. तेथील अभियंते चेवांग नोर्फेल यांनी १९८० च्या दशकापासून हिवाळ्यात वाया जाणारे पाणी उतारावर छोट्या बांधांनी अडवून गोठवले. तो बर्फ वसंतात वितळतो आणि पेरणीच्या वेळी शेतांना पाणी मिळते. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. रस्त्यावरचा बर्फ हटवायचा आणि शेताच्या डोक्यावरचा बर्फ जपायचा, असे दोन्ही धर्म तेथील माणूस पाळतो. हिवरे बाजारचा चर आणि लडाखची कृत्रिम हिमनदी हे एकाच जातीचे काम होय. दोन्ही ठिकाणी स्थानिक समाजाने आपल्या भूमीचा स्वभाव ओळखला आणि त्यानुसार आपले वागणे बदलले.

आक्षेप आणि उत्तर

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला असा, की हिवरे बाजारला पोपटराव लाभले. प्रत्येक गावाला असा नेता कोठून आणावा? नेतृत्वाचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु चांगला नेता गावाला सवयी लावतो आणि पुढे त्या सवयीच गाव चालवतात. बांधावरील बीळ बुजवण्यासाठी असामान्य पुरुषाची आवश्यकता नसते. ते काम कोणाचे, हे ग्रामसभेत नावानिशी ठरलेले असावे लागते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. दुष्काळी गावातील गरीब शेतकऱ्यावर देखभालीचा भार का टाकावा? शासनाने बांधले, तर शासनानेच राखावे. यात तथ्य आहेच. धरणे, रोहित्रे, मोठ्या जलयोजना यांची जबाबदारी शासनाला टाळता येणार नाही आणि कोणत्याही योजनेच्या खर्चातच पुढील काही वर्षांच्या देखभालीची तरतूद असली पाहिजे. बांधकामाला पैसा आणि दुरुस्तीला हात वर, ही पद्धत बंद व्हायला हवी. पण सांडव्यातील झुडूप काढण्यासाठी मुंबईतून मंजुरी यावी, अशी अपेक्षा बाळगणारे गाव स्वतःचे पाणी स्वतःच गमावत असते. बंधारा फुटला, तर कोरडी पडणारी विहीर शासनाची नसते.

ज्या लोकमातेचे नाव २०२४ मध्ये या जिल्ह्याला मिळाले, त्या अहिल्यादेवी होळकरांचे चरित्र या संदर्भात आठवावे. १७२५ मध्ये याच जिल्ह्यातील चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींनी देशभर घाट, विहिरी, धर्मशाळा, मंदिरे उभारली. नुसते बांधून त्या थांबल्या नाहीत. अनेक ठिकाणी नित्य व्यवस्थेसाठी खर्चाची तजवीजही त्यांनी लावून दिली. उभारणीबरोबरच सांभाळणीची चिंता वाहणे हे खऱ्या लोककल्याणकारी दृष्टीचे लक्षण होय. त्यांच्या नावाच्या जिल्ह्यातून देखभालीची चळवळ सुरू व्हावी, याहून उचित स्मरण ते कोणते?

मृगाआधीची ग्रामसभा

यासाठी नव्या महामंडळाची गरज नाही. दरवर्षी अक्षय्य तृतीया ते मृग या काळात प्रत्येक गावाने देखभालीची एक ग्रामसभा घ्यावी. हिवरे बाजारमध्ये जसा पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद मांडला जातो, तसा पावसाळ्यापूर्वी मालमत्तेचा ताळेबंद मांडला जावा. गावात किती बांध, किती बर्गे, किती चाळी, किती पंपगृहे, शाळेचे छप्पर कोठे गळते, पर्जन्यमापक ठीक आहे की नाही, दप्तराची कपाटे जमिनीपासून उंच आहेत की नाहीत, याची यादी वाचून दाखवावी आणि प्रत्येक नोंदीसमोर एका माणसाचे नाव लिहावे. पाणी वापरणाऱ्यांकडून अल्प का होईना देखभाल-निधी गोळा व्हावा आणि त्याचा हिशेब फलकावर लागावा. शासनानेही पुढील कामाची मंजुरी देताना आधीच्या कामाची अवस्था पाहावी. ज्या गावाने जुने राखले त्याला नवे आधी मिळावे, एवढा एक निकष लागू झाला, तरी चित्र पालटू लागेल. शाळांनी मुलांच्या हाती पर्जन्यमापकाची वही द्यावी. त्या वहीतून भूगोलही शिकला जाईल आणि नागरिकत्वही.

'तळे राखील तो पाणी चाखील' ही म्हण आज उपहासाने वापरली जाते. ज्याच्या हाती कारभार, तो त्यातले काहीतरी खाणारच, असा तिचा अर्थ आपण करून ठेवला आहे. हिवरे बाजारने त्या म्हणीला तिचा सरळ अर्थ परत मिळवून दिला. तेथे तळे साऱ्या गावाने राखले, म्हणून पाणी साऱ्या गावाने चाखले. महाराष्ट्रातील उरलेल्या गावांपुढे पुढचा मृग येऊन ठेपेलच. तो येण्यापूर्वी माळवदावर कोण चढणार, एवढाच प्रश्न आहे.